रेसिडेंटला वॉर्डात सीनिअरकडून नेमकं काय हवं असतं?

तापमापक (मेडिसिन)

एमडी-एमएस करणाऱ्यांच्या 'पीजीला कुठलं कॉलेज घ्यावं' या धाग्यावर खाटा किती, ओपीडी किती, स्टायपेंड वेळेवर येतो का, हॉस्टेलला पाणी असतं का, सगळं विचारून झालं. तिथे शिकवतं कोण आणि कसं, हे मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

चर्चा सरकारी आणि पालिकेच्या मेडिकल कॉलेजांपुरती ठेवू. सेमिनार, जर्नल क्लब, लेक्चर बाजूला. ते हल्ली फोनवर मिळतं आणि बहुतेकदा जास्त चांगलं मिळतं. फोनवर मिळत नाही ते एकच: आपण पेशंट तपासत असताना जाणत्या माणसाने शेजारी उभं राहून आपला हात बघणं.

आणि नेमकं तेच होत नाही. जेआर-वन (पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट) हिस्टरी एकटा घेतो, तपासतो एकटा, राऊंडला सांगतो तो फक्त निष्कर्ष. 'स्प्लीन नॉट पाल्पेबल', म्हणजे प्लीहा हाताला लागत नाही. मग सीनिअर स्वतः हात लावतो, 'आहे की रे दोन बोटं' म्हणतो आणि राऊंड पुढच्या खाटेवर. स्प्लीन आहे हे जेआरला कळलं. आपल्याला का लागली नाही हे कळलं नाही, कारण त्याचा हात कुणी पाहिलाच नव्हता. पाहिला असता तर कारण चार-पाच नेहमीच्यांपैकीच निघालं असतं. हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवून सुरुवात केली, त्यामुळे मोठी स्प्लीन हाताखालीच राहून गेली. सुरुवात उजव्या इलियाक फोसापासून (पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून) करायची असते. किंवा पेशंट श्वास घेत असताना हात खुपसत राहिला. श्वास घेताना हात स्थिर ठेवायचा, स्प्लीनला हाताकडे येऊ द्यायचं, आणि पुढे सरकायचं ते श्वास सोडल्यावर. किंवा गुडघे दुमडायला सांगितलेच नाहीत. किंवा बोटांची टोकं रोवली आणि पेशंटने पोट आवळून घेतलं. उताणं लागली नाही तर उजव्या कुशीवर वळवून पुन्हा बघायचं, हेही राहतं. यातली प्रत्येक चूक एका मिनिटात सुटते, पण बघणारा हवा.

याच कामासाठी मिनी-सीईएक्स नावाचा प्रकार अमेरिकेच्या इंटर्नल मेडिसिन बोर्डाने १९९५ च्या सुमारास आणला. सीनिअरने १५-२० मिनिटं गप्प उभं राहून बघायचं, नंतर पाचेक मिनिटं बोलायचं. फॉर्म आपल्याकडेही पोचला. आपल्याकडे तो टर्म संपताना एका बैठकीत वीस भरले जातात, तारखा मागच्या टाकून. लॉगबुकचंही (केलेल्या कामाच्या नोंदवहीचंही) तेच. सह्या सगळ्या असतात, बघितलेलं कुणी काही नसतं.

तुमच्या ब्रँचमध्ये काय चालतं, काय चालत नाही, ते लिहा. 'आमच्या वेळी' नको, कृती लिहा.

कडूकाढा (सर्जरी)

मुद्दा मान्य, हिशेब अमान्य. युनिटला ४० पेशंट, पोस्ट इमर्जन्सीचा (इमर्जन्सी ड्युटीच्या दुसऱ्या दिवशीचा) राऊंड, दहाला ओटी (ऑपरेशन थिएटर) लागलेली. चाळीस जणांना प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी दोन तास झाले. त्यात १५ मिनिटं गप्प उभं कोण राहणार?

राऊंड दोन करावे लागतात, आणि हे बाकीच्यांना सांगून करावं लागतं. कामाचा राऊंड जेआर-थ्री घेईल: ड्रेन किती, ताप आहे का, तोंडाने काय द्यायचं, डिस्चार्ज कोण. तिथे शिकवायचं नाही आणि विचारायचंही नाही; खाटेपाशी उभं करून कुणाला व्हायवा दिला की मागचे पंचवीस पेशंट दुपारपर्यंत उपाशी राहतात, कारण एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही ही सूचना) काढायची ऑर्डरच लिहिलेली नसते. शिकवायचा राऊंड वेगळा, दुपारी, फक्त तीन पेशंट. कुठले तीन, हे जेआर-वनने निवडायचं. सीनिअरने निवडले की दुर्मिळ केस निघतात. जेआरने निवडले की त्याला जे जमत नाही ते निघतं: हर्नियाची रिंग, पीआर (गुदद्वारातून बोटाने तपासणी), पायाच्या नाड्या.

आणि बेडसाइडला बोलताना एक पथ्य. 'कॉक्स' (टीबी), 'मिटॉटिक', 'सीए' (दोन्ही कॅन्सर) हे शब्द पेशंटला कळत नाहीत हा आपला समज आहे. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही आता कळतात. चर्चा कॉरिडॉरमध्ये करा, खाटेपाशी फक्त तपासणी.

भूलभुलैया (ॲनेस्थेशिया)

आमच्या ब्रँचची चैन अशी की ओटीत एकास एक शिकवणं आपोआप होतं. एक पेशंट, एक जेआर, एक सीनिअर. त्यामुळे आमचा प्रश्न वेगळा: हातातलं काम काढून कधी घ्यायचं?

जेआरला सगळ्यात जास्त काय लागत असेल तर मधेच लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत नळी घालताना स्वरयंत्र दाखवणारं उपकरण) ओढून घेणं. काढून घेणं कधी कधी भागच असतं. पण कधी काढून घेणार हे सुरुवातीला सांगितलेलं नसतं, तिथे दुखतं. म्हणून पेशंट झोपवण्याआधी ठरवून टाकायचं. 'दोन प्रयत्न तुझे. सॅच्युरेशन ९५ ला आलं की थांबायचं, मास्कने व्हेंटिलेट करायचं. तिसरा माझा.' हे आकडे हवेतले नाहीत. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शनात पुन्हा प्रयत्न करायचा तो सॅच्युरेशन ९५ किंवा वर असेल तरच, आणि सगळे मिळून प्रयत्न तीनच. आधीच ठरलेलं असलं की तिसऱ्या वेळी हातातून घेतलं तरी अपमान वाटत नाही, ठरल्याप्रमाणे झालं इतकंच.

दुसरं. साध्या लॅरिंगोस्कोपने इंट्युबेट करताना (नळी घालताना) जेआरला जे दिसतं ते सीनिअरला दिसत नाही. म्हणून स्वरयंत्राचा कुठला भाग दिसतोय ते जेआरने मोठ्याने बोलत राहायचं: 'एपिग्लॉटिस दिसली… एरिटेनॉइड दिसतायत… कॉर्ड नाही.' आता सीनिअरला काहीतरी करता येतं: बाहेरून स्वरयंत्र मागे-वर-उजवीकडे दाबता येतं, उशी सरकवता येते. जेआर गप्प राहिला तर मागे उभा माणूस अंदाजाने सूचना देतो, आणि अंदाजाची सूचना बहुतेक एकच असते, 'उचल, अजून उचल!' मग मनगट वळतं, ब्लेड वरच्या दातांवर टेकतं आणि दात हलतो. उचलायचं हँडलच्या दिशेने, पुढे-वर. मनगट जागचं हलता कामा नये. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर दोघांनाही तेच दिसतं, शिकवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण तो बहुतेक ठिकाणी कपाटात कुलपात असतो, किल्ली सिस्टर इंचार्जकडे.

प्रीऑक्सिजनेशन (भूल देण्याआधी मास्कने ऑक्सिजन देणं) तीन मिनिटं पूर्ण करणं हे पेशंटसाठी आहेच, शिकणाऱ्यासाठीही आहे. फुप्फुसात ऑक्सिजनचा साठा असेल तरच शिकवायला सवड मिळते. ते घाईत उरकणारा सीनिअर जेआरचीच वेळ खातो.

वाचनमात्र

मी डॉक्टर नाही, नेहमी वाचतो. प्रश्न जरा आगाऊ आहे. म्हणजे पहिला प्रयत्न शिकाऊ माणूस करणार हे पेशंटला सांगतात का?

भूलभुलैया

प्रश्न आगाऊ नाही, रास्त आहे. सांगायला हवं, आणि सरळ शब्दांत: 'मी डॉक्टर अमुक, या विभागात शिकतोय, माझे सर माझ्याबरोबर उभे आहेत.' बहुतेक पेशंट हो म्हणतात. 'माझे सर बरोबर आहेत' हे मात्र खरं असलं पाहिजे. ते खोटं असतं तिथे तुमची शंका बरोबर आहे.

सुईण_नव्हे (स्त्रीरोग)

हाताने करायच्या कामाबद्दल लिहिते. 'एक बघ, एक कर, एक शिकव' ही पद्धत वॉर्डात अजून चालू आहे आणि ती शिकवण्याची पद्धत नव्हे, सुटका करून घेण्याची आहे. एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात त्याऐवजी डोॲप सत्रं आली: दाखवणे, निरीक्षण, मदत, मग स्वतः करणे. कागदावर उत्तम. त्याच्याच जवळची चार पायऱ्यांची पेटनची पद्धत कामात जास्त सोयीची पडते, असं माझं मत. १) सीनिअर नेहमीच्या वेगाने, न बोलता करतो. २) पुन्हा करतो, सावकाश, प्रत्येक पायरी सांगत. ३) जेआर सांगतो आणि सीनिअर तसं करतो. ४) जेआर सांगत सांगत स्वतः करतो.

सगळी किमया तिसरीत आहे, आणि घाईत सगळे तीच गाळतात.

एपिसिओटॉमी (बाळंतपणात योनीमुखाला दिलेला छेद) शिवणं घ्या. दुसऱ्या पायरीपर्यंत जेआर मान डोलवत असतो. तिसरीत त्याला म्हणायचं, 'सांग, पहिला टाका कुठे?' तो म्हणतो, 'ॲपेक्सला', म्हणजे छेदाच्या आतल्या टोकाला. तिथेच थांबायचं. ॲपेक्सला नाही, ॲपेक्सच्या साधारण एक सेंटिमीटर वर. कापलेली रक्तवाहिनी आत ओढली जाते. ॲपेक्सवरच टाका घातला तर ती टाक्याच्या वर मोकळी राहते आणि तीन-चार तासांनी हिमॅटोमा (आत साकळलेल्या रक्ताची गाठ) होतो. पेशंट म्हणते 'खाली कळ लागलीय, परसाकडे लागल्यासारखं होतंय', आणि ड्युटीवरचा माणूस पेनकिलर लिहून मोकळा होतो. ही चूक तिसऱ्या पायरीत तोंडाने होते, म्हणून कुणाला इजा होत नाही. ती पायरी गाळली की चौथीत हाताने होते.

बाकीच्या ठरलेल्या चुका: ॲपेक्स नीट दिसतच नाही, कारण वरून रक्त येतंय आणि व्हजायनात पॅक घातलेला नाही. पॅक घातला तर त्याचं शेपूट बाहेर ठेवून आर्टरी (चिमटा) लावलेली नाही, मग तो आत राहतो. लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) घातल्यावर दोन मिनिटंही न थांबता सुई लावली. १ टक्क्याच्या लिग्नोकेनमध्ये मिलीला १० मिलिग्रॅम असतात आणि २ टक्क्यामध्ये २०, हे जेआरला माहीत असतं. ट्रॉलीवर आज कुठली व्हायल आहे हे त्याने वाचलेलं नसतं. शेवटी गॉज मोजणं आणि पीआर करून टाका रेक्टममध्ये गेला नाही ना बघणं. ही दोन कामं सीनिअर स्वतः करतो की जेआरला करायला लावून बघत थांबतो, यावरून शिकवणारा ओळखावा.

रात्रपाळी (बालरोग)

इथपर्यंत सगळं दिवसाचं झालं. जेआरला विचाराल तर देखरेख म्हणजे रात्री दोनचा फोन. तो उचलला जातो का, आणि उचलल्यावर पहिलं वाक्य काय येतं.

पहिलं वाक्य 'हे विचारायला फोन केलास?' असेल तर त्या सीनिअरला पुढचा फोन येतो तो मृत्यू कळवायला. हे जेआरच्या स्वभावाचं नाही, साधं गणित आहे. फोन केला तर शिवी नक्की, नाही केला तर पेशंट कदाचित सकाळपर्यंत तरेल. थकलेला माणूस 'कदाचित' निवडतो. पहिलं वाक्य 'बोल, येऊ का?' असेल तर फोन लवकर येतात, लवकर येतात म्हणून छोटे असतात, आणि दहातल्या आठ वेळा उठून जावंही लागत नाही.

'गरज वाटली तर फोन कर' ही सूचना निरुपयोगी आहे. गरज कधी वाटायची हेच तर जेआर-वनला अजून यायचं असतं. आकडे द्या. तापमापक, तुमच्या ब्रँचची यादी टाका ना.

तापमापक

भिंतीवर चिकटवायची यादी. यापैकी काहीही झालं तर विचार न करता फोन, आणि 'हे विचारायला?' म्हणायला बंदी:

सिस्टॉलिक (वरचं बीपी) ९० च्या खाली, ५०० मिली सलाइननंतरही. ऑक्सिजन चालू असून सॅच्युरेशन ९० खाली. जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) २ ने घसरला. सलग चार तास लघवी किलोमागे ताशी अर्ध्या मिलीपेक्षा कमी. पोटॅशियम ६.५ च्या वर. कुठलंही ऑपरेशन ठरवण्याआधी. डामा (डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेणारा पेशंट. नातेवाइकांचा आवाज चढला तर (हा मुद्दा यादीत हवाच, तिथे एकटा जेआर-वन उभा असतो). आणि शेवटचा: 'आकडे ठीक आहेत पण पेशंट बरा दिसत नाही.' हे कारण पुरेसं मानायचं.

आता फोनची दुसरी बाजू. तो कसा करायचा हे शिकवावं लागतं, आणि शिकवत कुणी नाही. नेहमीचा फोन असा असतो: 'सर, बेड नऊचा तो डीसीएलडी (बिघडलेला सिरॉसिस), परवा ॲडमिट झाला, क्रॉनिक अल्कोहोलिक, त्याचं अल्ब्युमिन २.१ आलंय, काल टॅप केला होता…' आणि दीड मिनिटाने कळतं की बीपी ८० आहे. व्हायला हवा असा:

'सर, मेल वॉर्ड बेड नऊ, सिरॉसिस, रक्ताची उलटी दोनदा, बीपी ८०. तुम्ही यावं असं वाटतं. दोन वाइड बोअर लाइन टाकल्या, सलाइन चालू आहे, क्रॉसमॅच पाठवलं, ऑक्ट्रिओटाइड ५० मायक्रोग्रॅम बोलस देऊन इन्फ्युजन लावलं. एंडोस्कोपीवाल्यांना आत्ता उठवू का?'

कोण, काय झालं, काय हवंय, काय केलंय. काय हवंय ते दुसऱ्या वाक्यात. तीस सेकंद. यावर सीनिअरने एकच गोष्ट शिकवावी, जास्त नाही: 'सेफ्ट्रिॲक्झोन एक ग्रॅम दे, सिरॉसिसमध्ये ब्लीड झाला की ॲन्टिबायोटिक लगेच. निघालो.' हे तो जन्मात विसरणार नाही. पोर्टल हायपरटेन्शनवरचं लेक्चर उद्या.

कडूकाढा

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडा कडू काढा. ओरडल्याशिवाय काही मुलं हलत नाहीत हे पण लिहा की कुणीतरी. ड्रेसिंग न करता 'डन' लिहिणाऱ्याला काय आरती ओवाळायची?

सुईण_नव्हे

कडूकाढा, न केलेलं 'डन' लिहिणं हा खोटेपणा आहे, त्याला काय बोलायचं ते बोला. एकांतात, त्याच दिवशी, आणि लेखीही. पण वॉर्डात जे ओरडलं जातं त्यातलं बहुतेक खोटेपणासाठी नसतं, न येण्यासाठी असतं. न येणाऱ्यावर ओरडल्याने येऊ लागत नाही. तो लपवायला शिकतो, आणि तुमचं ते 'डन' तिथूनच जन्मतं.

उलट 'छान, गुड' हेही तितकंच पोकळ. काय छान? जेआरला उपयोगी पडतं ते कृतीचं नाव घेऊन सांगितलेलं: 'गाठ बसवताना धागा ताणून धरलास म्हणून टाका सैल पडला, पुढच्या वेळी डाव्या हाताचं टोक खाली ठेव.' एका वेळी एकच गोष्ट. पाच सांगितल्या की एकही राहत नाही.

तापमापक

ओपीडीसाठी यावरच एक पाच पायऱ्यांची रीत आहे, १९९२ पासूनची, 'एक मिनिटाचा शिक्षक' म्हणून ओळखतात. खरं तर तीन मिनिटं लागतात. जेआर सांगतो: ५८ वर्षांचा माणूस, महिनाभर धाप, रात्री जास्त, छातीत दोन्हीकडे रॉन्काय (शिट्टीसारखा आवाज). इथे सीनिअरचा हात लगेच प्रिस्क्रिप्शनकडे जातो. त्याऐवजी:

'तुला काय वाटतं?' दमा. 'कशावरून?' रॉन्काय आहेत, रात्री वाढतं. 'आणखी कशाने रात्री वाढतं? उशा किती घेतो विचारलंस? मानेच्या शिरा बघितल्यास?' नाही. आता नियम एकच: पन्नाशीनंतर पहिल्यांदाच दमा झाला असं वाटलं तर आधी हृदय बघायचं, रॉन्काय हार्ट फेल्युअरमध्येही असतात. मग जे बरोबर केलं ते: 'रात्रीची धाप तू स्वतःहून विचारलीस, ते चांगलं केलंस.' मग चूक: 'मान न बघता छातीवर गेलास. जा, बघून ये, ईसीजी घेऊन ये.'

यात अवघड पायरी पहिली. 'तुला काय वाटतं?' विचारून गप्प बसणं. तीन सेकंद शांतता सहन होत नाही आणि उत्तर सीनिअरच देऊन टाकतो.

टेम्सकाठ (युके, ॲक्यूट मेडिसिन)

इथली व्यवस्था सांगतो, घ्यायचं ते घ्या. प्रत्येक ट्रेनीला दोन वेगळे सुपरवायझर नेमलेले असतात. क्लिनिकल सुपरवायझर त्या पोस्टिंगपुरता, रोजच्या कामाचा. एज्युकेशनल सुपरवायझर सहसा वर्षभराचा, पोस्टिंग बदललं तरी तोच. पोस्टिंगच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी भेट. फायदा असा की ज्याच्या हाताखाली काम करतोय त्याच्याबद्दलची तक्रार त्यालाच सांगावी लागत नाही. आपल्याकडे युनिट हेड, थिसिस गाइड आणि परीक्षेचा एक्झामिनर एकच माणूस असू शकतो. तो कितीही भला असला तरी त्याला खरं कोण सांगणार?

दुसरं, जनरल मेडिकल काउन्सिल दरवर्षी सगळ्या ट्रेनींना प्रश्नावली पाठवते. त्यात दिवसाची देखरेख आणि रात्री-सुट्टीची देखरेख हे दोन वेगळे निकष आहेत, हँडओव्हर वेगळा, रोटाची (ड्युटीच्या वेळापत्रकाची) आखणी वेगळी. दिवसा उत्तम असणारे विभाग रात्री उघडे पडतात.

पण इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. ई-पोर्टफोलिओ आहे, त्यात अमुक इतके मिनी-सीईएक्स, अमुक इतके केस डिस्कशन, आणि वार्षिक मूल्यमापन जवळ आलं की इथेही ट्रेनी 'जरा तिकीट (फॉर्मची लिंक) पाठवलंय, भरता का' म्हणत कन्सल्टंटच्या मागे फिरतात. बॅक डेट टाकण्याचा शोध फक्त आपल्याकडे लागलेला नाही.

घाटावरचा (जनरल प्रॅक्टिस, पूर्वी जिल्हा रुग्णालय)

एक राहून गेलेला विषय: भाषा. सरकारी कॉलेजांत पीजीच्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्याच्या. त्या जेआरला मराठी येत नाही, आणि वॉर्डात कुणी शिकवत नाही. मावशी किंवा शेजारचा पेशंट दुभाष्या होतो. पण शब्दकोशातली मराठी शिकूनही भागत नाही. आपली पुण्या-मुंबईची मुलंसुद्धा इथे गडगडतात.

'अंगावरून जातंय' म्हणजे रक्तस्राव. 'अंगावरून वारं गेलं' म्हणजे पक्षाघात. 'अंगावर पांढरं जातं' तिसरंच. 'उन्हाळी लागली' हा उन्हाचा त्रास नव्हे, लघवीची जळजळ. 'पोटात गोळा येतो' याचा अर्थ बहुतेकदा कळ; पण खरोखर गाठ लागत असेल तरीही हाच शब्द, म्हणून 'येतो आणि जातो की तिथेच असतो?' हे विचारायचं. 'चक्कर' म्हणणाऱ्याला आजूबाजूचं फिरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

हे शिकवायला प्रोफेसर लागत नाही. हिस्टरी घेताना सीनिअरने शेजारी दोन मिनिटं थांबून 'तिने हे म्हटलं, तू हे लिहिलंस' एवढं दाखवलं की झालं. म्हणजे पुन्हा तापमापक म्हणतात तेच, बघणारा हवा. २०२३ च्या पीजी नियमांनुसार तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचेच असतात, तिथे याची सगळ्यात जास्त गरज पडते आणि आपल्या विषयाचा सीनिअर तिथे एखादाच असतो.

रात्रपाळी

+१. आणि 'बघणारा' म्हणजे दरवेळी प्रोफेसर असं कुठे आहे? जेआर-वनला नव्वद टक्के काम जेआर-टू शिकवतो. आयव्ही लाइन, फ्लुइडचा हिशेब, ब्लड बँकेत कुणाशी काय बोलायचं. पण जेआर-टूला शिकवायचं कसं हे कुणी सांगितलेलं नसतं. मेडिकल एज्युकेशनचे कोर्स फॅकल्टीसाठी, प्रमोशनला लागतात म्हणून. जेआर-टूला दोन तास बसवून वर आलेली चार पायऱ्यांची रीत आणि फोन कसा घ्यायचा, एवढं सांगितलं तरी वॉर्ड बदलतो.

शिवाय थकवा. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांची मर्यादा लिहिलेली आहे. प्रत्यक्ष काय चालतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ३० तास जागलेल्याला तुम्ही मिनी-सीईएक्स करा की आणखी काही, त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. पोस्ट इमर्जन्सीच्या दुपारी शिकवणं ठेवू नका. कडूकाढांचा तीन पेशंटचा राऊंड त्या दिवशी रद्दच असावा.

कडूकाढा

रद्द. मान्य. (हे स्क्रीनशॉट काढून ठेवू नका.)

तापमापक, तुमची यादी आमच्या वॉर्डासाठी छापतोय. काही बदल?

सुईण_नव्हे

लेबर रूममध्ये ती यादी तशीच लावू नका. बाळंतिणीचं सिस्टॉलिक ९० खाली येईपर्यंत फार रक्त गेलेलं असतं; तरुण शरीर शेवटपर्यंत बीपी धरून ठेवतं. आमच्याकडे नाडी भागिले सिस्टॉलिक ०.९ किंवा वर गेलं की फोन. नाडी १०८, बीपी १२०, तरी फोन. आणि ५०० मिली देऊन बघू मग कळवू, हे पीपीएचला (बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाला) अजिबात नको.

तापमापक

योग्य. पोटॅशियमही मी चढं लिहिलं. ६ ला ईसीजी काढून फोन, ६.५ ची वाट बघायची नाही. फोन करताना नमुना हिमोलाइझ होता का (रक्तपेशी फुटल्या होत्या का) हे लॅबला विचारून ठेवायचं, नाहीतर सीनिअरचा पहिला प्रश्न तोच येतो.

रात्रपाळी

मुलांच्या वॉर्डात बीपीची ओळ खोडाच. मुलाचं बीपी सगळ्यात शेवटी पडतं. त्याजागी लिहा: हातपाय गार, छातीच्या मधल्या हाडावर पाच सेकंद दाबून सोडल्यावर रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त, किंवा आई म्हणतेय 'आज हा नेहमीसारखा नाही'. यातलं एकही असलं की फोन.